फॉर्म यायच्या आधी पाकिटं उघडा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी उत्तर व्हर्जिनियात राहते, वय ४१, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. २०२१ साली अमेरिकन नागरिक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरला बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बिनपगारी रजा टाकून गेले ती बरेच महिने तिकडेच अडकले. त्याच सुमारास नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. हॉस्पिटल, विमानाची तिकिटं, इथल्या घराचा हप्ता, सगळं क्रेडिट कार्डांवर गेलं. शेवटी ४०१(के)मधूनही, म्हणजे निवृत्तीच्या बचतीतूनही, पैसे काढले. त्यावर टॅक्स बसणार हे माहीत होतं, पण भरायला पैसे नव्हते, म्हणून २०२२चं रिटर्नच भरलं नाही. मग २०२३चंही राहिलं. २०२४चं वेळेवर भरलं. आयआरएसची, म्हणजे इथल्या कर खात्याची, पाकिटं स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत, उघडायचा धीर होत नाही. कार्डांचं कर्ज २७ हजार डॉलर आहे. एक कार्ड कलेक्शनला, म्हणजे वसुली एजन्सीकडे, गेलं, बाकी दोन्हींचे किमान हप्ते चालू आहेत.

आता एका डिफेन्स कंपनीची चांगली ऑफर आली आहे, सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, मिळण्याच्या अटीवर. फॉर्म महिन्याभरात येईल म्हणतात. दीर म्हणतात, टॅक्सचं लिहू नकोस, कोण बघतंय. मैत्रीण म्हणते, बँकरप्सी घे आणि मोकळी हो. भाऊ म्हणतो, वीस लाख पाठवतो, सगळं फेडून टाक. शिवाय पुण्यात माझ्या नावावर एफडी आहेत, त्या इथल्या टॅक्सवाल्याला कधी सांगितल्या नाहीत. मी काही हेर नाही हो. माझ्या उधारीशी यांना काय करायचंय? ऑफर नाकारू का?

उत्तर

ताई, ऑफर नाकारू नका. पण हा जो महिना हातात आहे तो फॉर्ममध्ये काय लिहायचं या काळजीत घालवू नका. रिटर्न्स भरण्यात घालवा. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त ओळी कार्डांच्या कर्जावर आणि घरच्यांच्या सल्ल्यांवर आहेत आणि न भरलेल्या रिटर्न्सवर जेमतेम दोन. क्लिअरन्स देणाऱ्या माणसाच्या टेबलावर हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

आधी "माझ्या उधारीशी यांना काय करायचंय" याचं उत्तर देतो, कारण हा राग बहुतेकांना येतो. सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स घटस्फोट आणि कर्जानं गळ्यापर्यंत बुडाला होता. एप्रिल १९८५मध्ये तो वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि पहिल्याच फटक्यात ५० हजार डॉलर घेऊन मोकळा झाला. पुढे त्यानं आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजारांचं घर रोखीनं घेतलं, तरी १९९४पर्यंत तो पकडला गेला नाही. त्याच्या अटकेनंतर ऑगस्ट १९९५मध्ये क्लिंटन यांनी कार्यकारी आदेश १२९६८ काढला. क्लिअरन्स फक्त नागरिकाला, आणि शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूनं सोडवायची, हे त्यात स्पष्ट आहे. त्यामुळे इथे संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. १९८८मध्ये ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही.

म्हणून तुम्हाला हेर समजतात असं मात्र नाही. आजच्या नियमावलीत, म्हणजे जून २०१७पासून लागू असलेल्या 'सीड-४' या निर्देशात, तेरा मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यातलं 'एफ' हे पैशाचं. कर्जबाजारी माणूस विकला जाऊ शकतो ही भीती त्यात आहेच, पण निकाल वाचले तर जास्त भर दुसऱ्या गोष्टीवर दिसतो: कुणी मागे लागलेलं नसताना हा माणूस नियम पाळतो का? गुप्त कागद हाताळण्याचे नियम कंटाळवाणे असतात आणि ते पाळताना कुणी बघत नसतं. रिटर्न भरणंही तसंच. म्हणूनच 'एफ'मध्ये रिटर्न न भरणं किंवा कर न भरणं हा वेगळा मुद्दा करून लिहिलेला आहे. कार्डाचं कर्ज माणसावर येऊन पडू शकतं. रिटर्न मात्र आपण भरतो किंवा भरत नाही.

तुमची खरी चूक इथे आहे, आणि ती आपल्याकडे इतक्यांची होते की जरा खोलात जातो. "भरायला पैसे नव्हते म्हणून रिटर्न भरलं नाही." या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, ताई. रिटर्न हे हिशेबाचं सांगणं आहे, पैसे देणं वेगळं. आयआरएस दंडसुद्धा दोन्हींचा वेगळा लावते: रिटर्न न भरल्याचा महिन्याला ५ टक्के, कर न दिल्याचा महिन्याला अर्धा टक्का. दोन्ही एका महिन्यात लागले तर मिळून ५ टक्केच. समजा देणं ६ हजार डॉलर होतं. १५ एप्रिलला रिटर्न भरून एक पैसाही दिला नसता तर पाच महिन्यांत दंड झाला असता १५० डॉलर. न भरल्यामुळे तो झाला १५०० डॉलर. व्याज वर. आणि ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ मागणारा फॉर्म ४८६८ भरला तरी ती मुदत रिटर्नची असते, पैशांची नाही. हेही बरेच जण विसरतात.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की ती पाकिटं ड्रॉवरमधून काढा आणि नवऱ्याला शेजारी बसवून तारखेनुसार लावा. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात एक क्रमांक असतो. सीपी५९ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की 'या वर्षाचं तुमचं रिटर्न आम्हाला दिसत नाही, भरा.' जास्त जपायचं ते नव्वद दिवसांची मुदत देणारं पत्र. तुम्ही रिटर्न भरत नाही म्हटल्यावर आयआरएस स्वतःच तुमच्या वतीनं हिशेब करते, आणि त्यात तुमच्या फायद्याच्या वजावटी धरत नाही, त्यामुळे आकडा फुगलेला असतो. तो आकडा बघून छातीत धस्स होईल. खरं रिटर्न भरलं की तो बहुतेक वेळा खाली येतो.

मग आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडून दोन प्रकारचे ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे नोंदींचे उतारे, उतरवून घ्या. वेतन आणि उत्पन्नाच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये तुमच्या पगाराची डब्ल्यू-२ आणि ४०१(के)मधून काढलेल्या पैशांची १०९९-आर मिळतील, म्हणजे 'कागद हरवले' ही सबब संपली. खात्याच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये काय भरलं, काय दंड लागला ते तारीखवार दिसतं. हा दुसरा कागद सांभाळून ठेवा. पुढे तुमची फाइल अडली तर सरकार नेमका हाच मागतं. 'मी भरलंय हो' या वाक्याला तिथे किंमत नाही.

दोन्ही वर्षांची फेडरल रिटर्न्स आणि त्याबरोबर व्हर्जिनियाचीही. राज्याचं रिटर्न लोक हमखास विसरतात आणि फॉर्म मात्र फेडरल, राज्य आणि इतर अशा सगळ्या करांबद्दल विचारतो. रिटर्न्स गेली की देणं फेडायची सोय. एकूण देणं ५० हजारांच्या आत असेल आणि सगळी रिटर्न्स भरलेली असतील तर आयआरएसचा हप्त्यांचा करार ऑनलाइनच होतो. हप्ता बँकेतून आपोआप जाईल असा लावा आणि मोठेपणा न दाखवता निभेल एवढाच लावा. महिना ४०० कबूल करून चौथ्या महिन्यात चुकवण्यापेक्षा २०० न चुकता गेलेले कधीही बरे. 'एफ'मध्ये दिलासा देणाऱ्या मुद्द्यांत कर खात्याशी करार केलाय आणि तो पाळला जातोय हा मुद्दा आहे, आणि त्यातलं वजन 'पाळला जातोय' यावर आहे. २०२२च्या दंडासाठी पहिल्यांदा चुकलेल्यांना मिळणारी माफी मागून बघा. आधीची तीन वर्षं स्वच्छ असली आणि राहिलेली सगळी रिटर्न्स भरून झालेली असली की ती मिळू शकते. २०२३ला ती चालणार नाही, तिथे बाबांच्या आजारपणाची कागदपत्रं जोडून कारण मांडावं लागेल.

हे सगळं फॉर्म सादर करण्याआधी व्हावं असं मी का म्हणतोय? क्लिअरन्सच्या वादांचे निवाडे संरक्षण खात्याचं 'डोहा' हे कार्यालय नावं गाळून प्रसिद्ध करतं. ते वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. अर्जदारानं शेवटी पैसे भरलेले असतात. पण कधी? सरकारनं आक्षेपपत्र पाठवल्यावर. तिथले न्यायाधीश अशा वरातीमागून आलेल्या घोड्याला फारसं वजन देत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ही प्रक्रिया तुमची थकबाकी वसूल करण्यासाठी नाही. नोकरी धोक्यात आल्यावरच ज्याला नियम आठवतो तो पुढे कसा वागेल, हा प्रश्न उरतोच. ४ हजारांची थकबाकी वर्षानुवर्षं दुर्लक्षित ठेवणारा अडकतो आणि त्याच्या कितीतरी पट कर्ज असलेला, पण दोन वर्षं निमूट हप्ते भरणारा सुटतो. मला हे न्याय्य वाटतं. तुम्हाला कदाचित आत्ता वाटणार नाही.

खोटी आशा लावत नाही: महिन्याभरात रिटर्न्स भरलीत म्हणून सगळं धुऊन निघालं असं नाही. उशीर हा उशीरच राहतो. पण ज्या दिवशी तुम्ही फॉर्मवर सही कराल त्या दिवशी 'भरलेलं नाही' आणि 'उशिरा भरलं, करार चालू आहे' ही दोन अगदी वेगळी माणसं असतात.

आता दिरांच्या सल्ल्याकडे येते गाडी. फॉर्मचं नाव एसएफ-८६, आजकाल तो 'ई-ॲप'वर ऑनलाइन भरतात. त्यातला २६वा विभाग पैशांचा. गेल्या सात वर्षांत कायद्यानं आवश्यक असताना कर किंवा रिटर्न भरायचं राहिलं का, कर्ज कलेक्शनला गेलं का, खातं चार्ज-ऑफ झालं का, म्हणजे बँकेनं ते बुडीत धरलं का, कुठलंही देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं का, असे सरळ प्रश्न आहेत. 'नंतर भरलं' म्हणून उत्तर 'नाही' होत नाही. तुमचं उत्तर 'हो'च आहे, दोन वेळा, आणि कार्डाचं तिसरं.

"कोण बघतंय" याचं उत्तर: क्रेडिट रिपोर्ट काढला जातोच. शिवाय एकदा क्लिअरन्स मिळाली की विषय संपला असंही राहिलेलं नाही. पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हायची, आता सतत तपासणी चालते आणि नवं थकलेलं खातं आपोआप वर येतं. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. गुन्ह्याचं राहू द्या, क्लिअरन्सच्या हिशेबात तुमचं प्रकरण पैशाच्या 'एफ'मधून उठून सचोटीच्या 'ई'मध्ये जाऊन बसतं. 'एफ'मधून बाहेर यायला हप्ते भरता येतात. 'ई'मधून बाहेर यायला काय भरणार? कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, हे दिरांना माझ्या वतीनं सांगा. त्यांची सही त्या फॉर्मवर नसणार आहे.

प्रश्नाखाली जास्तीची माहिती लिहायची जागा असते. तिथे कादंबरी नको, रडगाणंही नको. साधारण असं: '२०२२ आणि २०२३ची फेडरल आणि व्हर्जिनियाची रिटर्न्स मुदतीत भरली नाहीत. त्या काळात वडील भारतात गंभीर आजारी होते, पतीचं काम गेलं होतं, करासाठी पैसे नव्हते आणि मी रिटर्न भरणं टाळलं. ते चुकीचं होतं. दोन्ही वर्षांची रिटर्न्स अमुक तारखेला भरली. हप्त्यांचा करार अमुक तारखेपासून चालू आहे, आजवरचे सर्व हप्ते भरले आहेत.' एवढंच. 'टाळलं' हा शब्द तसाच ठेवा. 'राहून गेलं' असं लिहिलंत तर मुलाखतीला आलेला तपासनीस त्यावरच बोट ठेवील आणि मुलाखत होईल असं धरूनच चाला.

कारणांच्या बाबतीत तुमची बाजू दुबळी नाही. नोकरी जाणं, अचानक आलेलं आजारपण, मृत्यू, घटस्फोट ही हाताबाहेरची कारणं म्हणून 'एफ'मध्ये नाव घेऊन लिहिलेली आहेत. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध असा की त्या परिस्थितीत माणूस जबाबदारीनं वागला पाहिजे. बाबांच्या आजारपणानं कार्डांचं कर्ज पूर्ण समजतं. २०२३चं रिटर्न समजत नाही. म्हणून सांगताना दोन्हींचा गुंता करू नका. कोल्हापूरच्या हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्ड, नवऱ्याचं काम संपल्याचं पत्र, तिकिटं हे सगळं एका फाइलला लावा. बिलं मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतर करून जोडा.

कार्डांचं थोडक्यात. तिन्ही क्रेडिट संस्थांचे रिपोर्ट फुकट मिळतात, ते आधी काढा, कारण तपासनीस ते बघूनच येतो. चालू असलेली दोन कार्डं एक दिवसही मागे पडू देऊ नका. कलेक्शनला गेलेल्या कार्डाबद्दल एजन्सीकडे कर्जाचा पुरावा लेखी मागा, मग हप्ते किंवा कमी रकमेत तडजोड, तीही लेखी. तडजोडीत ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाले की १०९९-सी हा कर्जमाफीचा फॉर्म येतो आणि ती माफ झालेली रक्कम सहसा उत्पन्न धरली जाते. कर्ज मिटवता मिटवता पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा टॅक्सच्याच खड्ड्यात पाय जायला नको. 'तुमचं निम्मं कर्ज माफ करून देतो, हप्ते थांबवा आणि पैसे आमच्याकडे भरा' म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा, त्यात चालू कार्डंही थकतात. त्याऐवजी ना-नफा तत्त्वावरच्या पतसल्ला संस्थेत जाऊन महिन्याचं अंदाजपत्रक बनवून घ्या. तो सल्लाही दिलासा देणाऱ्या मुद्द्यांत मोजला जातो. आणि सात वर्षांनी रिपोर्टवरून कर्ज गळून पडतं म्हणून वाट बघत बसायचं, हा सल्ला अजून कुणी दिला नसेल तर देईलच. रिपोर्टवरून गेलं म्हणजे फिटलं असं डोहा मानत नाही.

बँकरप्सी: कायदेशीर आहे, तेवढ्यानं क्लिअरन्स नाकारली जाते असंही नाही. पण पगार चालू असताना २७ हजारांसाठी तो मार्ग मला जड वाटतो. आणि मुख्य दुखणं त्यानं बरं होत नाही, कारण न भरलेल्या किंवा नुकत्याच भरलेल्या रिटर्न्सचा कर त्यात माफ होत नाही.

भावाचे वीस लाख. भाऊ आहे, मायेनं म्हणतोय, आणि नेमकी इथेच आपली माणसं अडचणीत येतात. भारतातल्या नातेवाइकाकडून भेट घ्यायला बंदी नाही. तो बँकेतून रीतसर पाठवू शकतो आणि सोबत भेट असल्याचं पत्र देऊ शकतो. पण 'एफ'च्या आधी 'बी' आहे, परदेशी प्रभावाचं. सख्खा भाऊ भारतीय नागरिक आहे हे तुम्हाला तसंही लिहावं लागणार. त्यात त्याचं देणं तुमच्या डोक्यावर असेल, तर अमेरिकन बँकेचं कर्ज फेडून परदेशी माणसाचं कर्ज अंगावर घेतल्यासारखं होतं. माझं मत: घेऊ नका. स्वतःच्या पगारातून जाणारे छोटे हप्ते तुमच्या फाइलला जास्त उपयोगी पडतील. अगदी घ्यायचेच असतील तर उसने नकोत, भेट म्हणून घ्या, बँकेतून घ्या आणि कागद ठेवा. आणि 'तू माझ्या भावाला कोल्हापुरात रुपये दे, मी तुला इथे डॉलर देतो' हा जो आपल्या ओळखीपाळखीत सर्रास चालणारा व्यवहार आहे, त्याला हातही लावू नका. तो हवालाच आहे, दोन्ही देशांत नडतो, आणि तपासनिसानं 'हे पैसे कुठून आले' विचारल्यावर तुमच्याकडे दाखवायला कागद नसेल.

पुण्याच्या एफडी. तुम्ही हा प्रश्न शेवटी, जाता जाता विचारलाय. मला मात्र सगळ्या पत्रात याचीच जास्त धास्ती वाटली. अमेरिकेचा रहिवासी जगभरातलं उत्पन्न इथे दाखवतो. एनआरई ठेवीचं, म्हणजे परदेशातून आणलेल्या पैशाच्या ठेवीचं, व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे. एनआरओवर, म्हणजे भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यावर, तिकडे कापलेल्या कराची सवलत इथे मागता येते, पण व्याज दाखवावं लागतंच. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षातल्या कुठल्याही दिवशी १० हजार डॉलरच्या वर गेली की एफबीएआर नावाचा वेगळा अहवाल भरायचा असतो. त्यात बाबांबरोबरचं जोडखातंही धरतात, पैसे कुणाचे का असेनात.

शिवाय रिटर्नच्या शेड्यूल बी मध्ये 'परदेशात खातं आहे का' असा प्रश्न असतो. तुमच्या २०२४च्या रिटर्नमध्ये तिथे 'नाही' गेलं असणार, किंवा ते पानच जोडलं नसणार. आता एसएफ-८६चा विभाग २०ए परदेशी आर्थिक हितसंबंध विचारतो. तिथे तुम्ही खरं लिहिणार, एफडी आहेत. म्हणजे एका सरकारी कागदावर तुमच्याच सहीनं 'आहेत' आणि दुसऱ्यावर तुमच्याच सहीनं 'नाहीत'. कुणी चुगली करायची गरजच नाही.

यावर उपाय आहे. २०२२ आणि २०२३ची रिटर्न्स अजून भरायचीच आहेत, त्यात व्याज पहिल्यापासून बरोबर दाखवा. २०२४चं सुधारित रिटर्न भरा. राहिलेल्या एफबीएआरसाठी आयआरएसच्या काही सवलतीच्या योजना आहेत, पण त्यांच्या अटी बारीक आहेत. एका योजनेला आधीची तीन वर्षांची रिटर्न्स भरलेली असावी लागतात, दुसरीला आयआरएसनं आधी तुमच्याकडे विचारणा केलेली नसावी लागते. तुमच्या ड्रॉवरमधली पत्रं इथे आडवी येऊ शकतात. त्यामुळे हे काम नेहमीच्या टॅक्सवाल्याकडे न नेता परदेशी खात्यांची कामं करणाऱ्या टॅक्स वकिलाकडे न्या. तासाचे पैसे जातील, पण वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं आणि कुठल्या दारानं जायचं हे तो एका बैठकीत सांगेल. त्याला पहिल्याच वाक्यात सांगा की क्लिअरन्सचा फॉर्म यायचाय. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते, असेल तर तेही फॉर्ममध्ये जिथे विचारलंय तिथे लिहा. ते नागरिकत्व नाही, लपवण्यासारखंही काही नाही.

नवऱ्याला यात दोष देत बसू नका. रिटर्न्स एकत्र भरत असाल तर देणं दोघांचं, आणि फॉर्म तुमचा.

इतकं करूनही आक्षेपपत्र आलं तर घाबरून जाऊ नका, पण वेळही दवडू नका. उत्तराला सहसा २० दिवस मिळतात. प्रत्येक आक्षेपापुढे मान्य की अमान्य ते लिहायचं, कागद जोडायचे, आणि डोहाच्या न्यायाधीशासमोर सुनावणी मागायची. नुसत्या कागदांवर निकाल मागण्यापेक्षा समोर बसून बोललेलं बरं, तुमच्यासारख्या प्रकरणात तर नक्कीच. त्या टप्प्यावर क्लिअरन्सची कामं करणारा वकील करा.

राहता राहिली ऑफर. कंपनीच्या एचआरला कर्जाची कहाणी सांगायची गरज नाही. कंपनीचा सुरक्षा अधिकारी फॉर्म पूर्ण भरलाय का एवढंच बघतो, निर्णय सरकारचा. पैशांच्या नोंदी असल्या की अंतरिम क्लिअरन्स, म्हणजे चौकशी संपेपर्यंतची तात्पुरती परवानगी, बऱ्याचदा मिळत नाही. तो अंतिम नकार नसतो, फक्त पुढची चौकशी होईस्तोवर थांबावं लागतं, आणि ते थांबणं काही महिन्यांचं असू शकतं. म्हणून आत्ताच्या नोकरीचा राजीनामा टाकू नका. एचआरला एवढंच लेखी विचारून ठेवा: अंतरिम मिळाली नाही तर ऑफर किती महिने उघडी ठेवाल, आणि तोपर्यंत क्लिअरन्स न लागणाऱ्या एखाद्या प्रोजेक्टवर घेऊ शकाल का?